आपल्या गोष्टींचे वारस कोण?

दरवर्षी १४ एप्रिलला दिल्लीचा संसद मार्ग आपला होतो. एरवी पोलिसांचे अडथळे आणि सरकारी गाड्या असलेल्या या रस्त्यावर त्या दिवशी पुस्तकांचे स्टॉल लागतात, निळे झेंडे फडकतात, भीमगीतं वाजतात, कढईत पुऱ्या तळल्या जातात. हरियाणा, पंजाब, पश्चिम उत्तर प्रदेशातून माणसं येतात. मराठी मात्र क्वचित कानावर पडते. तीन वर्षांपूर्वी अशाच एका स्टॉलवर मी फोनवर मराठीत बोलत होते, तेव्हा शेजारून आवाज आला, "तू कुठली आहे गं?"

मी म्हटलं, परभणीची. त्या म्हणाल्या, "मी नागपूरची. पण चाळीस वर्षं झाली इथंच."

मावशी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी कुठं शिकते, पीएचडी कशात आहे, फेलोशिप वेळेवर येते का, हे सगळं त्यांनी विचारलं. मग विचारलं, "लग्न झालं?" मी नाही म्हटलं. पुढचा प्रश्न मला पाठ होता: का नाही, आणि कधी करणार? तो आला नाही. त्यांनी विचारलं, "मग सोबत कोणी आहे का?"

समाजशास्त्राच्या वर्गात मी 'क्विअर' हा शब्द शिकले, त्यावर निबंध लिहिले, परिसंवादात बोलले. पण माझ्या भाषेत, माझ्या समाजातल्या, माझ्या आजीच्या वयाच्या बाईनं मला हा प्रश्न इतक्या सहज विचारावा, हे पहिल्यांदाच घडत होतं. 'सोबत' हा त्यांचा शब्द. जालंधरच्या रविदासी घरातली एक परिचारिका चौतीस वर्षं त्यांची सोबतीण होती. २०१७ साली ती गेली.

हा लेख मावशींबद्दल आहे, पण फक्त त्यांच्याबद्दल नाही. एलजीबीटीक्यू माणसांच्या एका पिढीच्या गोष्टी दुसऱ्या पिढीपर्यंत कशा पोचतात, कुणाच्या पोचतात आणि कुणाच्या वाटेतच हरवतात, याबद्दल आहे. हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण तो वारशाचा आहे. आणि वारसा म्हटला की जात आलीच.

"ती नांदली नाही"

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण आमच्या घरचा सगळा इतिहास तिच्याकडे होता. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावी आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. तेव्हा तिनं एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हातात बाबासाहेबांची तसबीर घेऊन रात्र शेतात कशी काढली, हे ती मला दर उन्हाळ्यात सांगायची. १९९४ साली नामविस्तार झाला त्या दिवशी तिनं गोड भात केला होता, हेही सांगायची. मी पदवीधर झाले त्याच्या कितीतरी आधी आपण कोण आहोत, हे मला त्या गोष्टींनी शिकवलं. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असंच झालं असणार. आपल्याला ग्रंथालय वारशात मिळालं नाही, आजी मिळाली.

याच गोष्टींत आजोबांची धाकटी बहीण यायची. लग्नानंतर आठव्या दिवशी ती माहेरी परत आली, पुढे मुंबईला गेली आणि एका बाईबरोबर राहिली. आजी म्हणायची, "ती नांदली नाही." आणि गोष्ट तिथं संपायची. जळालेल्या घराची गोष्ट तासभर चालायची, पण या आत्याची गोष्ट तीन शब्दांची होती.

अशी तीन शब्दांची माणसं प्रत्येक घरात आहेत. 'तिनं लग्नच केलं नाही.' 'तो देवाला सोडलेला.' 'त्याचं काही खरं नव्हतं.' ही सगळी माणसं समलैंगिक किंवा पारलिंगी होती असा माझा दावा नाही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून परतलेल्या बायका असतील, आजारी माणसं असतील, नुसती एकटं राहणं पसंत असलेलीही असतील. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांनी लग्न या संस्थेच्या बाहेर आयुष्य काढलं, त्यांच्या गोष्टी कुटुंब पुढे देत नाही.

का देत नाही, याचं उत्तर आपल्याला बाबासाहेबांकडेच सापडतं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी दाखवून दिलं की जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. जात टिकवायची तर जातीतल्या पुरुषांची आणि बायकांची संख्या जुळलेली हवी, आणि जोडीदार गमावल्यामुळे 'जादा' ठरणाऱ्या माणसाचा काही ना काही बंदोबस्त करावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांची त्यांनी केलेली मीमांसा इथूनच सुरू होते. आता विचार करा. लग्नच न करणारी, किंवा लग्न सोडून दुसऱ्या बाईबरोबर राहणारी बाई या व्यवस्थेच्या दृष्टीनं काय आहे? तिला जाळता येत नाही, विधवाही ठरवता येत नाही. तिला गोष्टीतून वगळलं जातं. विस्मरण हाही बंदोबस्ताचाच एक प्रकार आहे. आणि दुःख हे की ज्यांना जातीनं छळलं, त्या आपल्या घरांनीही तो उचलला.

आपण विसरलेला एक खटला

'हे सगळं उच्चवर्णीय, शहरी, इंग्रजी लोकांचं फॅड आहे, आपल्या चळवळीत याला जागा नाही,' असं आपलीच माणसं म्हणतात. त्यांना मी १९३४ सालची आठवण करून देते.

रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ पासून चालवत होते. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाचे आणि समलैंगिकतेचेही प्रश्न होते. मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय माहिती देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची बाजू होती, आणि समलैंगिकतेबद्दल बोलताना त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार घेतला. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण काळ लक्षात घ्या. पुणे कराराला दोनच वर्षं झाली होती, येवल्याची धर्मांतराची घोषणा वर्षभरावर होती. एवढ्या धामधुमीत, हरण्याची शक्यता मोठी असलेला आणि समाजात बदनामी ओढवणारा हा खटला त्यांनी घेतला.

हे आपल्यापैकी किती जणांना घरी सांगितलं गेलं? महाडचं चवदार तळं आपल्याला पाठ आहे, काळाराम मंदिर पाठ आहे. हा खटला मला वयाच्या चोविसाव्या वर्षी एका लेखातून कळला. २०१७ साली अजित दळवी यांनी लिहिलेलं आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेलं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक रंगभूमीवर आलं, त्यामुळे तो काही प्रेक्षकांपर्यंत पोचला. जयंतीच्या भाषणांत आणि गाण्यांत तो मला अजून ऐकू आलेला नाही.

खरं तर गोष्ट सांगण्याच्या राजकारणात आंबेडकरी समाजाइतका अनुभव दुसऱ्या कुणाकडे नाही. १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये बाईच्या नजरेतून वस्ती सांगितली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव, चाळीचाळीत जाऊन आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या बायकांना बोलतं केलं आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ उभा केला. त्यासाठी त्यांनी म्हाताऱ्या बायकांपुढे बसून 'तुम्ही काय केलं?' असं विचारलं. 'आम्ही कुठं काय केलं,' असं म्हणणाऱ्या बायका हळूहळू बोलू लागतात, हे अशी मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ही पद्धत आपल्याच घरातली आहे. नांदली नाही त्या आत्यापर्यंत ती अजून पोचलेली नाही, एवढंच.

दिल्लीच्या आठवणी कुणाच्या?

दुसरीकडे, दिल्लीच्या क्विअर चळवळीचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटानं १९९१ मध्ये 'लेस दॅन गे' हा नागरिक अहवाल काढला. ११ ऑगस्ट १९९२ रोजी पोलिसांच्या छळाविरुद्ध आयटीओच्या पोलीस मुख्यालयासमोर निदर्शनं झाली. तिहार तुरुंगात कंडोम देण्याच्या वादातून याच गटानं १९९४ मध्ये कलम ३७७ ला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. डिसेंबर १९९८ मध्ये 'फायर' चित्रपटावरच्या हल्ल्यांनंतर रीगल सिनेमासमोर बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या. २००८ मध्ये दिल्लीत पहिली क्विअर प्राइड निघाली. २००९ मध्ये उच्च न्यायालयानं कलम ३७७ सौम्य केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर काढले.

हा लढा माझाही आहे. ज्यांनी तो दिला त्यांचं ऋण मी मानते. पण हा इतिहास प्रामुख्यानं इंग्रजीत आहे, आणि त्यात आडनावांना जात नसल्यासारखं वागवलं जातं. २०१५ च्या दिल्ली प्राइडमध्ये ध्रुबो ज्योती, अखिल कांग आणि त्यांच्या सोबत्यांनी 'आम्ही दलित आहोत आणि क्विअर आहोत' असं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा जात मध्ये आणून चळवळ फोडू नका, हा सूर निघालाच. तमिळनाडूच्या लिव्हिंग स्माइल विद्या यांनी ट्रान्सद्वेष हेही ब्राह्मण्याचंच एक रूप असल्याची मांडणी केली. ग्रेस बानू यांनी ट्रान्स व्यक्तींसाठी प्रत्येक प्रवर्गाच्या आत समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली. महाराष्ट्रात दिशा पिंकी शेख कवितेतून आणि वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून राजकारणाच्या मंचावरून बोलल्या. ही माणसं माझ्या पिढीची मोठी भावंडं. त्यांच्यामुळे मला माझ्या दोन्ही ओळखी एका वाक्यात म्हणता आल्या. पण त्यांच्याही आधीच्या पिढीचं काय?

मावशी १९८२ मध्ये दिल्लीत आल्या. निदर्शनं झाली, याचिका दाखल झाली, त्या काळात त्या इथंच होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तेव्हा आमच्या वॉर्डात ते पेशंट यायचे. ती ड्युटी कुणाला लागायची, सांगू?" सांगायची गरज नव्हती. ज्या आजाराला सगळे घाबरत होते, त्या आजाराचे बिछाने बदलायचं काम पहिल्यांदा कोटातल्या मुलींकडे यायचं. घरच्यांनी टाकलेल्या पुरुषांपाशी मावशी रात्रपाळीत बसायच्या. कुणी आईला निरोप सांगायचं, कुणी मित्राला. "पत्ता देत नव्हते बिचारे. म्हणायचे, सिस्टर, तुम्हीच ऐकून ठेवा." मावशींनी ऐकून ठेवलं. इंग्रजी अहवालांत ज्या माणसांचे आकडे झाले, त्यांची शेवटची वाक्यं एका आंबेडकरी परिचारिकेच्या स्मरणात आहेत. तीस वर्षं तिला कुणी विचारलं नाही. क्विअर चळवळीला ती दिसली नाही, कारण ती इंग्रजी बोलत नव्हती आणि मोर्च्यात नव्हती. आंबेडकरी चळवळीला ती दरवर्षी १४ एप्रिलला दिसत होती, पण 'अविवाहित सिस्टर' म्हणून.

कायद्यानं तोडलेली साखळी

रक्ताच्या नात्याबाहेर पिढ्या जोडण्याची एक जुनी रीत या देशात आहे: हिजडा घराण्यांतली गुरू-चेला परंपरा. गुरू नाव देतो, भाषा देतो, रीत देतो. चेला म्हातारपणी गुरूला सांभाळतो आणि मेल्यावर आठवतो. दिल्लीत मेहरौलीला लोदी काळातला हिजड्यांचा खानकाह आहे. तुर्कमान गेटचे हिजडे आजही त्याची देखभाल करतात. शहरात इतके राजे येऊन गेले, पण आपल्या पूर्वजांच्या कबरी राखणारं हे कुटुंब टिकून आहे, आणि त्याचा आधार रक्ताचं नातं नाही.

ब्रिटिशांनी नेमकी हीच साखळी हेरली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात माहीत असतो. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू झाला, आणि दिल्ली तेव्हा पंजाबात होती. नोंदणी झालेल्या व्यक्तीनं बायकी वेशात सार्वजनिक ठिकाणी दिसणं, नाचणं हा गुन्हा ठरला. शिवाय तिला अल्पवयीन मुलाचं पालक होता येणार नव्हतं, दत्तक घेता येणार नव्हतं, बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र करता येणार नव्हतं. म्हणजे पुढच्या पिढीकडे काही सोपवण्याची प्रत्येक कायदेशीर वाट बंद केली गेली. पारधी, कंजर, सांसी आणि हिजडे यांना एकाच पुस्तकात टाकणाऱ्या सत्तेला कळलं होतं की माणसं संपवायची तर आधी त्यांचा वारसा संपवावा लागतो. विमुक्तांचा लढा आणि हिजड्यांचा लढा वेगळे आहेत असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा उघडावं.

या परंपरेला मी सोवळ्यात ठेवत नाही. गुरू-चेला नात्यात सत्ता आहे, कमाईचा वाटा आहे, शिक्षा आहे, आणि जातही आहे. वडीलधारं कोण ठरतं, हाही प्रश्न आहेच. २०१८ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी राममंदिराच्या बाजूनं भूमिका घेतली, तेव्हा अनेक ट्रान्स आणि हिजडा कार्यकर्त्यांनी जाहीर निषेध केला, कारण ज्या परंपरेत मंदिर, मजार आणि खानकाह एकत्र नांदतात, तिची एकच धार्मिक गोष्ट करून सांगितली जात होती. वारसा जपायचा म्हणजे मोठ्यांची प्रत्येक गोष्ट मान डोलावून ऐकायची असं नाही. आपण बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे वारस आहोत, आपल्याला प्रश्न विचारायला शिकवलं आहे.

स्वतंत्र भारतानंही ही साखळी सांधलेली नाही. २०१४ च्या नालसा निकालानं ट्रान्स व्यक्तींची स्वतःची लिंगओळख मान्य केली आणि त्यांना मागासवर्ग म्हणून आरक्षण द्यायला सांगितलं. पण २०१९ च्या कायद्यानं 'कुटुंब' म्हणजे रक्त, विवाह किंवा कायदेशीर दत्तक, एवढीच व्याख्या ठेवली. गुरूचं घर त्यात बसत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं बँकांना कळवलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. आरोग्य मंत्रालयानं राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलं की विवाह हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही, निवडलेलं कुटुंबही असतं.

'जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा.' मावशींच्या सोबतिणीला नातेवाईक होते. ती दाखल झाली तेव्हा फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मावशींनी 'बहीण' लिहिलं. तीस वर्षं ज्या दारात उभं राहून त्यांनी नातेवाइकांना आत-बाहेर केलं होतं, तशाच एका दारात त्या बाहेर उभ्या राहिल्या. जालंधरहून पुतणे आले. वाईट मुलं नव्हती ती, मावशींना लहानपणापासून 'मासी' म्हणायची. त्यांनी मृतदेह गावी नेला, नंतर येऊन कागदपत्रं आणि फ्रीजही नेला. निवृत्तिवेतन थांबलं. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमात सोबतीण बसत नाही. मावशींकडे राहिली ती एक पत्र्याची पेटी: दोघींचे फोटो, रविदासांची एक तसबीर, जालंधरहून आलेली गुरुमुखीतली पत्रं. ती मावशींना वाचता येत नाहीत, ती वाचून दाखवणारी गेली.

मग आपण काय करायचं?

मी संशोधक आहे, म्हणून पहिल्याच भेटीत फोनचं रेकॉर्डिंग चालू करायला गेले. मावशींनी हात धरला. म्हणाल्या, "तुझी पीएचडी होईल. माझं काय होईल?" समाजशास्त्राच्या पद्धतीशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही. शतकभर आपल्या वस्त्यांमध्ये येऊन, गोष्टी घेऊन, पुस्तकं करून निघून गेलेल्यांना आपण हाच प्रश्न विचारतो. तो आता आपल्यालाही लागू होतो, कारण आता वही आपल्या हातात आहे. मी दीड वर्ष काहीच रेकॉर्ड केलं नाही. गाझियाबादला त्यांच्या घरी जात राहिले, बँकेची कामं केली, पंजाबी वाचणारी एक मैत्रीण घेऊन गेले. तिनं ती पत्रं वाचून दाखवली. त्यानंतर मावशी म्हणाल्या, "आता लिही. नाव नको लिहू."

२०२३ च्या सुनावणीच्या वेळी चारशेहून अधिक पालकांनी आपल्या मुलांच्या बाजूनं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. ते वाचून मला आनंद झाला आणि पोटात कालवलंही. माझ्या आईला सही करता येते, पत्र लिहिता येत नाही. म्हणजे ती माझ्या बाजूनं नाही असं नाही. तिची बाजू कुठल्या कागदावर येणार, एवढाच प्रश्न आहे. ते काम आपलं, म्हणजे घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्यांचं आहे. आपल्याला घरची बोलीही येते आणि अर्जाची भाषाही.

आंबेडकरी संघटनांनी जयंतीच्या मंचावर १९३४ चा खटला सांगावा आणि आपल्या क्विअर, ट्रान्स कार्यकर्त्यांना बोलवावं, मोठ्या प्रश्नांतून उरलेल्या वेळात नव्हे, मुख्य कार्यक्रमात. क्विअर संस्थांनी आपल्या संग्रहांत जात नोंदवावी, मराठी, पंजाबी, तमिळ बोलणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत जावं, आणि इंग्रजी येत नाही म्हणून कुणाची साक्ष दुय्यम मानू नये. मागणी फक्त विवाहाच्या हक्काची नको. निवृत्तिवेतन, उपचाराची संमती आणि अंत्यसंस्कार यांत निवडलेल्या माणसाचं नाव चालावं, ही मागणी मावशींसारख्यांच्या जास्त कामाची आहे. आणि तुम्ही-आम्ही, घरी गेल्यावर, जिथं गोष्ट तीन शब्दांत संपते तिथं विचारावं: 'पुढं काय झालं?' जबरदस्ती न करता, कुणाला उघडं न पाडता, परवानगी घेऊन. जे मिळेल ते आपल्या भाषेत लिहून ठेवावं.

मी गेल्या वर्षी वडिलांना फोन करून त्या आत्याबद्दल विचारलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, लहानपणी आजोबा त्यांना सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर न्यायचे, तेव्हा आत्या दादर स्टेशनवर घ्यायला यायची. बरोबर नेहमी तीच बाई असायची. दोघी मिळून डबा आणायच्या. त्या बाईनं एकदा वडिलांना पाटी-पेन्सिल घेऊन दिली होती.

मी विचारलं, तिचं नाव काय होतं?

वडिलांना आठवत नव्हतं. आजीला नक्की माहीत असणार, म्हणाले. आजी जाऊन चार वर्षं झाली आहेत. तुमची असेल, तर या सुट्टीत विचारा.